मागच्या गेटची कडी

या सदरातले अनुभव मी न चुकता वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. कोणाला वडाखाली बाई दिसते, कोणाच्या मागे पैंजण वाजतात... मी दुकानदाराची बायको. माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही आमच्या घरची शिस्त. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण घरात हा विषय काढता येत नाही, आणि पोटात ठेवूनही चालत नाही.

आम्ही बेंगळुरूचे जुने मराठी. घर बनशंकरीत, भांड्यांचं दुकान चामराजपेटेत, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. माझा धाकटा भाऊ शीनू इंग्लंडमध्ये नोकरीला असतो. दरवर्षी मागे लागायचा – अक्का, एकदा या, डोंगरात चालू, टेंटमध्ये राहू. त्यावर आमचे हे विचारायचे, "चांगलं घर असताना तंबूत कशाला झोपायचं?" शेवटी लेकीचं लग्न पार पडलं, दुकान पुतण्यावर सोपवता आलं, आणि दीडेक वर्षापूर्वी, सप्टेंबरात, आम्ही दोघं गेलो.

उत्तरेकडची एक दरी. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर, दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती, मेंढ्या, आणि माणूस औषधालाही नाही. मोबाइलला रेंज नाही. ओढ्याच्या कडेने एकच पायवाट वर जाते आणि वाटेत चार गेटं लागतात. शीनूने निघतानाच बजावलं, "गेट उघडं राहिलं तर मेंढ्या बाहेर पडतात. शेवटचा माणूस गेट लावणार. विसरायचं नाही."

शीनू पुढे, मी मध्ये, हे शेवटी, कारण ह्यांना सारखे फोटो काढायचे असतात. पहिलं गेट ह्यांनी लावलं ते मी स्वतः बघितलं. "दुकानाचं शटर लग्नाआधीपासून मीच ओढतोय," म्हणाले, "इथेही मीच." आम्ही तिघंही हसलो.

मग धुकं उतरलं. दुपारच होती, पण मला पुढे फक्त शीनूची पाठीवरची बॅग दिसत होती. दुसरं गेट ओलांडून थोडी पुढे गेले आणि मागे कडी वाजली. खट्. बरं वाटलं. येताहेत. तिसऱ्या गेटलाही तसंच झालं. मी मागे न बघताच म्हटलं, "स्वल्प लवकर या हो, चहा ठेवते." मागून उत्तर आलं, "हूं." गिऱ्हाईक घासाघीस करत असलं की हे देतात ना, अगदी तेच हूं.

चौथ्या गेटला कडी नव्हती. निळ्या दोरीने खांबाला बांधलेलं, आणि निरगाठ इतकी घट्ट की सोडताना शीनूचं नख तुटलं. त्याने दोरी तशीच लोंबती ठेवली. "भावजी बांधतील," म्हणाला. आम्ही पुढे झालो. जरा वेळाने गेट दगडावर घासल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

वर सपाट जागा होती. टेंट उभे केले, चहा केला. ह्यांचा कप भरून झाकून ठेवला. तो निवला. शीनूने हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या. काही नाही. 

आम्ही खाली धावलो. चौथं गेट बंद होतं, दोरी बांधलेली होती. शीनू गाठीला हात लावणार तोच मी म्हटलं, थांब. दोन वेढे, वर सुरगाठ, आणि उरलेलं टोक वेढ्याच्या आत खोचलेलं. ही आमच्या दुकानाची गाठ. सासऱ्यांनी ह्यांना शिकवली, ह्यांनी मला. भांड्यांचं पार्सल आम्ही असंच बांधतो. टोक बाहेर काढून ओढलं की गिऱ्हाइकाच्या हातात अलगद सुटतं. मी टोक ओढलं. सुटली. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे हे इथवर आले होते, इथेच कुठेतरी वाट चुकले असणार.

त्या गाठीवर विसंबून आम्ही वरचा सगळा उतार शोधत राहिलो. दिवस कलला तेव्हा शीनू म्हणाला, "अक्का, एकदा खाली बघून येऊ."

हे पहिल्या आणि दुसऱ्या गेटच्या मध्ये सापडले. वाटेच्या खाली, घळीत, पाय दोन दगडांत अडकलेला, ओठ निळे. दुसरं गेट ह्यांनी ओलांडलंच नव्हतं.

शीनू मदत आणायला रस्त्यापर्यंत पळत गेला. माणसं आली, स्ट्रेचरवरून न्यायला लागलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता, आणि अंग इतकं गार पडलं होतं की त्या थंडीत रात्र निघाली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पहिलं काय विचारावं?

"तू आली का नाहीस?"

"मला माहीतच नव्हतं हो..."

"बघितलंस की माझ्याकडे. मी हाका मारत होतो. धुकं विरळ झालं तेव्हा गेट धरून उभी होतीस. तुझा पिवळा रेनकोट."

"चेहरा दिसला?"

"तुझाच होता. मला वाटलं, येतेय. मग गेट लावलंस आणि गेलीस."

मी शपथा घेतल्या. शीनू सांगत राहिला, अक्का माझ्या मागेच होती. पण तो पुढे, त्याला मागचं काय दिसणार? शेवटी मी गाठीचं सांगितलं. म्हटलं, चौथ्या गेटला तुमची गाठ होती, मी माझ्या हाताने सोडली, विचारा शीनूला.

हे हळूच म्हणाले, "सुमा, त्या डोंगरात ती गाठ येणारी दोनच माणसं होती. एक खाली पडलं होतं."

थंडीने माणसाला भास होतात, असं डॉक्टर म्हणाले. मलाही जे ऐकायचं होतं तेच कानांनी ऐकलं असेल. सरी, ठीक आहे, तेही मान्य. पण गाठ? ती शीनूनेही बघितली. आता फोनवर विषय काढला की तो म्हणतो, अक्का, सोड. कधी कधी मी दुकानात सुतळी हातात घेऊन बसते आणि मीच थांबले होते का, मीच बांधली का, हे आठवून बघते. नाही. मी थांबले नव्हते. एवढं मला माहीत आहे, आणि ते पटवून देता येत नाही. ह्याचं मला फार वाईट वाटतं. बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यावर कधी अविश्वास दाखवला नव्हता.

त्यानंतर ह्यांनी तो विषय परत काढला नाही. भांडण नाही, टोमणा नाही. काठी टेकत दुकानात जातात. फक्त, कुठूनही घरी आलो की पूर्वी हे पुढे व्हायचे आणि मी मागून गेट लावायचे, ते आता मला लावू देत नाहीत. "तू हो पुढे," म्हणतात. मी आत जाते. मागे कडी वाजते. मी दर वेळी वळून बघते.

हेच असतात. तेही माझ्याचकडे बघत असतात. दोघं एकमेकांचा चेहरा नीट बघून घेतो, आणि मग घरात जातो.