बायकोचं पहिलं पिस्तूल

मंडळी, आज बायकोसोबत पिस्तूल घ्यायला गेलो होतो. घाबरू नका! मृणाल वर्षभर इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या नेमबाजी क्लबात जातेय. परीक्षा झाली, परवाना आला.

मी आयटीवाला, सात मॉडेलांची एक्सेल शीट घेऊन गेलो. दुकानदार आजोबांनी त्या शीटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मृणालला म्हणाले, "डोळे मिटून पिस्तूल भिंतीवरच्या ठिपक्यावर धरा. मग उघडा."

चौथ्या पिस्तुलाला ती हसली. "हेच! डोळे उघडले तर नेम आधीच बरोबर होता."

ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, स्टिअरिंग धरताना थरथरणारा तिचा हात तसूभरही हलत नव्हता. मी बघतच राहिलो.

"घरी पिस्तुलासाठी तिजोरीसुद्धा आणलीय," मी कौतुकाने सांगितलं. "नंबर आमच्या लग्नाची तारीख!"

आजोबा गंभीर झाले. "परवाना फक्त यांचा आहे. नंबर नवऱ्यालाही कळता कामा नये. कायदा आहे. आधी तो बदला."

आम्हा दोघांचे सगळे पासवर्ड एकच. आत्ता घरी मृणाल नवा नंबर घालत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

"झालं. वळ आता."

बारा वर्षांच्या संसारात फक्त तिचं असं हे पहिलंच कपाट. तुमच्या घरच्या बाईकडे आहे का हो एखादं?