रिकाम्या सभागृहातील हरकत

रिकाम्या सभागृहात हरकत कोणी घेतली, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहायला बसले आहे. मनोहरदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. बातमी ऐकल्यावर मनात पहिला विचार आला तो हाच... आता विचारायचे कोणाला?

मनोहरदादा माझा मावसभाऊ. धरमपेठेत त्याचे फरशांचे दुकान होते. विकण्याआधी प्रत्येक फरशीवर तो बोटाच्या पेराने टकटक करून ऐकत असे. आवाज पोकळ आला की ती बाजूला. पुढे तो नगरसेवक झाला, मग महापौर. सवय मात्र दुकानातलीच राहिली. नव्या पदपथाच्या उद्घाटनाला फीत कापण्याआधी हा गृहस्थ वाकून फरशी वाजवून बघे आणि ठेकेदाराचा चेहरा उतरे. सभागृहात त्याच्यावर तुटून पडणारे विरोधक त्याला मनापासून आवडत. "ते वरडत नाहीत, त्याच दिवशी मले भेव वाटते," असे तो म्हणे.

महापौरपदानंतर काही वर्षांनी, कन्हान नदीपलीकडच्या एका लहान गावाच्या नगरपरिषदेवर शासनाने त्याला प्रशासक नेमले. प्रशासक म्हणजे काय, हे थोडे समजावून सांगते. निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपली आणि निवडणूक लांबली, की सभागृहाचे सर्व अधिकार एका व्यक्तीकडे येतात. ठराव मांडणारी तीच आणि मंजूर करणारीही तीच. त्यामुळे बहुतेक जण आपल्या दालनात बसून सही करतात. दादा मात्र सभागृह उघडायला लावी, रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहून प्रत्येक विषय मोठ्याने वाची, "कोणाची हरकत?" असे विचारी, थांबे, आणि मगच मंजुरी देई.

"दादा, खुर्च्या काही बोलतात का गा?" मी एकदा चिडवले.

"अजून तं नाही बोलल्या. पण तुह्या वर्गातल्या पोरायपेक्षा शिस्तीत बसतेत वं."

त्या गावात दगावलेल्या तान्ह्या बाळांना अग्नी देत नाहीत, नाल्याकाठच्या एका जागेत पुरतात. तेथील शाळेत माझी पहिली नोकरी होती, आणि माझा पहिला मुलगा त्याच जागेत आहे. नाव ठेवण्याआधीच तो गेला. तिथे खूण ठेवायची नाही, परत फिरकायचे नाही, अशी रीत. मी जात असे. आधी शाळा सुटल्यावर, बदली झाल्यानंतर बसने. हे माझ्या यजमानांनाही ठाऊक नव्हते, दादाला कुठून असणार? त्या जागेवर दुकानांचे गाळे बांधण्याचा प्रस्ताव दादापुढे आला आहे, हे मलाही ठाऊक नव्हते.

एका संध्याकाळी दादा प्रताप नगरला माझ्या घरी आला. चहा समोर ठेवला, तो त्याने घेतला नाही.

"आज हरकत आली वं," तो म्हणाला.

"कोणाची?"

"कोणीच नव्हतं. शिपाई भायेर होता. नाल्याकाठच्या गाळ्यायचा विषय वाचला, इचारलं... अन् मागच्या रांगेतून लेकरू बोललं."

"काय बोललं?"

"म्हणे, मंग आई कुठं येईल?"

मी हातातली बशी खाली ठेवली.

"विषय तहकूब केला," तो उठत म्हणाला. "तुलेच काहून सांगून राहिलो, मले समजत नाही."

तहकूब म्हणजे रद्द नव्हे, पुढे ढकललेला. दादा होता तोवर तो पुढे ढकलला जात राहिला. आता नवे प्रशासक आले आहेत, आणि तो विषय पुन्हा घेतला जाणार आहे.

दादाची तेरवी झाल्यावर मी त्या गावी गेले. शिपायाने सभागृह उघडून दिले. मी एकेक शंका तपासली. शेजारी बालवाडी आहे. पण त्या दिवशी तिला सुटी होती, असे तिथल्या बाईंनी सांगितले. मागच्या रांगेपाशी खिडकी नाही. पंखे बंद करून बोलले, तेव्हा भिंतीवरून आवाज परत आला, पण माझेच शब्द घेऊन. दादाला भास झाला म्हणावे, तर नेमके तेच वाक्य त्याला कोठून सुचले?

मग दादा उभा राहत असे तिथे मी उभी राहिले. विषय वाचला. "कोणाची हरकत?" असे विचारलेही. आता फक्त थांबायचे होते. माझ्याने थांबवले नाही... आवाज आला असता तर मला घरी परतता आले नसते, आणि आला नसता तर नाल्याकाठी पुन्हा जाता आले नसते. मी भराभर बाहेर आले.

म्हणून माझ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. नवे प्रशासक दालनातच सही करतात, असे शिपाई म्हणाला. गावाचे नाव मी देत नाही. कन्हानचा पूल ओलांडून नाल्याकाठी गाळे बांधणार आहेत ते गाव कोणते, असे विचारले तर कोणीही सांगेल. सभागृह कचेरीच्या वेळात उघडून मिळते. वाचकांपैकी कोणी त्या बाजूला गेल्यास कृपया आत जावे, तो विषय मोठ्याने वाचावा, हरकत विचारावी आणि पुरेसे थांबावे. जे ऐकू येईल ते, सही होण्याआधी, प्रशासकांना सांगावे. मला कळवले नाही तरी चालेल.