दुसरं हौ

चार दिवस माहेरी आलेल्या देवानंदच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होतो. तिचं नाव पाहिलं आणि वाटलं, आला बघा समेटाचा निरोप. मुद्दाम दोन-चार रिंगा वाजू दिल्या. मग उचलला. "काका, बाबा गेले... सकाळचा चहा तसाच हाय," ती म्हणाली.

त्याला पाच आठवडे झाले. आमचं बोलणं बंद होऊन आठ. मधले तीन आठवडे माझे आहेत, ते दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाहीत.

शाळेपासूनची दोस्ती. तो मलाजखंडला, तांब्याच्या खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. मी बालाघाटच्या कोर्टात टायपिस्ट. आता दोघंही रिटायर, बालाघाटात एकाच वॉर्डात. दोघांच्याही बायका आधीच गेलेल्या, लेकरं परगावी. नागपुरातलं कुठलंसं ऑफिस बंद पडलं, तिथून त्यानं एक जुना सर्व्हर आणला. चपटं, लांबलचक धूड. ऑटोतून उतरवताना माझी कंबर धरली. सुरू केला की पंखे असे घोंगावायचे की शेजारीण विचारायची, "भाऊजी, गिरणी टाकली का?" त्याला तो वॉर्डातल्या विहाराच्या वाचनालयात लावायचा होता. पुस्तकं त्यात साठवायची आणि तिथल्या जुन्या कॉम्प्युटरांवर वाचायची सोय करायची.

आणि त्यावर टाकायची होती लिनक्सची एक फुकट पण महाखट प्रणाली. माउसनं 'पुढे, पुढे' करत जाण्याची सोयच नाही. डिस्कचे भाग पाडण्यापासून सगळं हातानं टाइप करायचं, एक टिंब चुकलं की मुकाट्यानं परत या. "सोपी टाक ना बाबा," मी करवादायचो. तो म्हणायचा, "सोपीचं वजन या म्हाताऱ्या मशीनले झेपत नाही. आन् हे आपल्या हातानं केलं, त बिघडल्यावर कोणाच्या दारात जा लागत नाही."

त्याला काचबिंदू होता. काळ्या पडद्यावरची बारीक पांढरी अक्षरं त्याला दिसत नसत. म्हणून त्यानं सगळ्या सूचना मोठ्या अक्षरांत छापून वही बांधून घेतली. तो वाचायचा, मी टाइप करायचो. नियम एकच. एंटर दाबण्याआधी मी ओळ मोठ्यानं वाचून दाखवायची, हौ म्हणायचं, म्हणजे आमच्याकडचं हो, मग त्यानं हौ म्हणायचं. दोन हौ झाल्याशिवाय एंटर नाही. दुपारच्या दुपारी यात जायच्या. कधी मशीन प्रणालीचा पेन ड्राइव्हच ओळखेना, कधी नेटवर्क कार्ड रुसलेलं. खरं सांगतो, ते कधीच पुरं होऊ नये असं मला वाटायचं. घरी जाऊन करायचं काय होतं?

डिस्क दोन होत्या, सारख्याच मापाच्या. एकीवर त्यानं हिवाळाभर पान न् पान स्कॅन केलेली पुस्तकं. दुसरी पुसून तिच्यावर प्रणाली बसवायची. मशीन नव्यानं सुरू झालं की दोघींना त्यानं दिलेल्या नावांची कधी कधी अदलाबदल व्हायची, हे त्यानं मला दहादा बजावलेलं. त्या दिवशी मी डिस्क पुसायची ओळ टाइप केली, वाचली, हौ म्हणालो आणि... साहेबांच्या तोंडून वाक्य संपायच्या आत ते कागदावर उतरवण्यात उभी नोकरी गेलेली बोटं ती. थांबतात कुठं!

"गजा, थांब..." तो म्हणाला तोवर हिवाळा पुसला गेला होता.

"दुसरं हौ कोणाचं होतं?" त्यानं हळूच विचारलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. भडकलो मीच. "मले काहून बोलावतं मग? मी का तुया नोकर हाय?" चपला घातल्या नि निघालो. चूक माझी, रुसलोही मीच. असला मेला माझा स्वभाव. त्याचे दोन फोन आले. उचलले नाहीत.

घराला कुलूप लावायच्या दिवशी मुलीनं बोलावलं. "काका, हे मशीन तुम्ही नेता, का भंगारात देऊ?" टेबलावर वही होती, वहीवर भिंग. मी वही उघडली. पहिल्या ओळीपासून प्रत्येक सूचनेपुढे लाल पेनानं लिहिलेलं... हौ, हौ. त्या डोळ्यांनी, पडद्याला भिंग लावून, त्यानं सगळं पुन्हा एकट्यानं केलं होतं. माझंही हौ तोच म्हणाला होता. फक्त शेवटच्या सूचनेपुढे, 'पेन ड्राइव्ह काढून मशीन सुरू करा' इथं, एकच हौ होतं. खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेलं, "पुस्तकं परत होतीन. दुसरं हौ गजाचं."

मी त्या पोरीसमोर ढसाढसा रडलो.

मशीन घरी आणलं. सहा दिवस हात लावला नाही. सातव्या दिवशी जेवण झाल्यावर पेन ड्राइव्ह काढला, ओळ मोठ्यानं वाचली, रिकाम्या घरात हौ म्हणालो आणि बटण दाबलं. पंखे घोंगावले, अक्षरं सरसर वर गेली आणि पडदा नाव विचारत थांबला. झालं रे देवा, सुरू झालं... पण सांगू कोणाला?

आता ते वाचनालयात आहे. मी रोज दुपारी तिथं बसून पुस्तकं पुन्हा स्कॅन करतो. पान झालं की मशीन विचारतं, ठेवू का? मी हौ म्हणतो. मग एंटरवर बोट ठेवून थांबतो, त्याला हौ म्हणायला लागायचा तेवढा वेळ.