घाबरं होणं

'आधी धडधड, मग बारसं,' असं उठसूट सांगणाऱ्या आमच्या मानसशास्त्राच्या बाईंवर अन्याय झाला. १९९५ साली, गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकराला, भाईंदर पूर्वेच्या एका दवाखान्यात. वेळ नेमकी सांगतो, कारण घड्याळ डॉक्टरांच्या डोक्यावरच होतं आणि मी समोर बसलो होतो.

तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. जेसल पार्कात चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, ज्युनियर कॉलेजात शिकवायच्या. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरून नाडी बघायची खोड होती. म्हणायच्या, भावना काही आभाळातून पडत नाही. आधी अंगात धडधड होते, घाम फुटतो. मग मन आजूबाजूला बघतं, हाताशी सापडेल ते कारण उचलतं आणि त्या धडधडीचं बारसं करतं. राग, भीती, प्रेम. समोर कोण उभं आहे त्यावर.

उत्तनच्या सहलीत आमच्यातल्या एकाच्या मागं कुत्रं लागलं. तो टेकडी चढून पळाला. वर एक मुलगी उभी होती. धापा टाकत बाईंना म्हणाला, मला ही आवडते. बाईंनी मनगट धरलं. 'दम जाऊ दे. मग परत सांग.' त्यानं परत सांगितलं नाही.

मलाही त्यांनी सोडलं नाही. पाण्यासाठी आमचं आंदोलन चालू होतं, पत्रकं मी लिहायचो. 'संतप्त महिलांचा एल्गार' हे शीर्षक वाचून बाईंनी चष्मा काढला.

'संतप्त कशावरून?'

'बाई, आठवडाभर नळाला पाणी नाही.'

'बादल्या घेऊन चार मजले चढल्यात त्या. धाप लागलीय. तू खाली टेबल टाकून बसलायस आणि नाव देतोयस, संताप.'

'मग पाणी मागायचं नाही का?'

'माग ना. तुझं बारसं बरोबरच आहे. पण तुझ्या आधी एखादा बुवा येऊन बसला असता, तर नशीब म्हणाल्या असत्या.'

मला राग आला. त्यांनी माझी नाडी बघितली.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी टँकरच्या दोन बादल्या घेऊन त्या स्वतःच चढल्या. मी नवं पत्रक दाखवायला गेलो, तर दारातच बसलेल्या, घामानं निथळत. 'घाबरं होतंय रे,' म्हणाल्या. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, बाईंना धड बोलवत नव्हतं. म्हणून मीच सांगितलं, 'मॅडम को घबराहट हो रही है।'

आता बघा. आपल्याकडं 'घाबरं होतंय' म्हणणारी बाई भ्यालेली असतेच असं नाही. जीव कासावीस होतोय, एवढंच ती सांगत असते. डॉक्टर मात्र कारण शोधायला लागले. 'किस बात की घबराहट?' घरात कोण? कोणी नाही. लग्न? नाही. वय? एक्कावन्न. पुढचं त्यांनी आपलं आपणच जुळवलं. रक्तदाबाचा पट्टा टेबलावर गुंडाळलेला होता, तो तसाच राहिला. टेन्शन, म्हणाले, आणि मन शांत करायची गोळी लिहून दिली. बाईंच्या सिद्धांताचं इतकं चोख प्रात्यक्षिक मी वर्गात कधी पाहिलं नव्हतं.

'झालं माझं बारसं,' बाई पायरीवर म्हणाल्या. मी हसलो. वर आणखी म्हणालो, बाई, टेन्शन घेऊ नका. एकट्या बाईचं टेन्शन मलाही लगेच पटलं होतं.

चार वाजता शेजारणीनं बाईंचं दार वाजवलं. उघडलं नाही. कडी तोडून आत गेलो, मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं हार्ट अटॅक असं लिहून मिळालं. नाव बरोबर होतं, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

मी दवाखान्यात भांडायला गेलो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, 'आपने ही तो बोला था, घबराहट।' निषेधाचं पत्रक लिहायला बसलो आणि पहिल्या ओळीत दोषी म्हणून एकच नाव घालावं, की दोन, इथंच अडलो.

तेव्हा आता तुम्ही. घरातली, शेजारची कुणी बाई घाबरं होतंय म्हणाली, तर 'कशानं?' हे विचारायचं नाही. 'कुठं?' ते विचारा. छातीत, पाठीत, की जबड्यात. तिच्याबरोबर जा. आणि डॉक्टर तिच्या दंडाला पट्टा बांधत नाहीत तोवर तिथून उठू नका.