पीएचपीचं पुस्तक आणि कोरं पान

नवरा देवासच्या कारखान्यात होता. एका दुपारी पाळी सुरू असतानाच तो मशीनपाशी कोसळला आणि संपलं. मी धारला वडिलांकडे परत आले. लोक भेटायला येत, मी चहा करत असे. रडू येत नव्हतं. येत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

वडील गणिताचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनीच माझं नाव बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये घातलं. तिथले सर वेबसाइट बनवायला लागणारी पीएचपी ही भाषा शिकवायचे. एकदा म्हणाले, "दीदी, कोई ढंग की किताब ले लो. यहाँ तो ऊपर-ऊपर का ही होगा."

त्याच आठवड्यात नवऱ्याच्या पैशांच्या कागदांवर सह्या करायला देवासच्या कारखान्यात जावं लागलं. सह्या झाल्या. परतताना इंदूरला बस बदलायची होती. वडील म्हणाले, "आलोच आहोत, तर तुझं पुस्तक घेऊन टाकू."

दुकानदाराने तीन पुस्तकं समोर मांडली. एक उशीएवढं जाड इंग्रजी, एक हिंदी, एक बारीक इंग्रजी.

"भिया, इनमें बेस्ट कौनसी?" वडिलांनी विचारलं.

"सबपे लिखा है बेस्ट," तो म्हणाला.

वडील मला म्हणाले, "पहिलं पान बघू नकोस. पहिलं पान सगळेच चांगलं लिहितात. मधलं काढ, आणि एखादं उदाहरण कळतंय का ते पाहा."

मी शाळा हिंदीतून शिकलेली, म्हणून आधी हिंदी पुस्तक उघडलं. शब्द सगळे ओळखीचे, अर्थ मात्र लागेना. जाड पुस्तकात एकेका गोष्टीवर पानंच्या पानं होती. बारीक पुस्तकात निम्मे शब्द अडत होते, पण उदाहरण छोटं होतं. अट खरी असेपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करायचं, खोटी झाली की थांबायचं. ते कळलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी कळलं होतं. आनंद झाला नाही, नुसतं लक्षात आलं.

"कळतंय?"

"कळतंय."

"मग हेच घे."

क्लासमध्ये मी त्यातलं एकेक उदाहरण टाइप करू लागले. चूक झाली की कॉम्प्युटर ओळीचा नंबर सांगायचा, मी तेवढं दुरुस्त करायची. कसं वाटतंय असं तो विचारत नसे. ते बरं होतं.

मग फॉर्मचा धडा आला. एका पानावर नाव लिहायचं, बटण दाबलं की दुसऱ्या पानावर 'वेलकम' आणि ते नाव दिसायला हवं. माझ्याकडे 'वेलकम' यायचं, पुढे कोरं. अक्षर न् अक्षर पुस्तकाशी ताडून पाहिलं, तरी कोरंच.

सरांनी पुस्तक उलटसुलट करून छापल्याचं साल पाहिलं. "किताब पुरानी है. अब ये तरीका बंद हो गया." त्यांच्याकडचं पुस्तक नवं होतं, दुकानात नको म्हटलं होतं तसलंच जाडजूड. त्यात नवी पद्धत सापडली. मी ओळ बदलली, फॉर्ममध्ये नाव लिहिलं, बटण दाबलं.

वेलकम, आणि पुढे नवऱ्याचं नाव.

इतके दिवस चाचणीसाठी मी तेच नाव टाइप करत होते, हे मला तेव्हा कळलं. मी पडद्याकडे बघत राहिले. काहीतरी होईल असं वाटलं. काही झालं नाही. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी म्हणाली, "आपका चल गया? मेरा भी देख दो ना." मी तिच्या कॉम्प्युटरकडे वळले. तिचीही तीच ओळ चुकली होती.

पुढे त्याच क्लासात मी शिकवू लागले. तिरल्याहून येणाऱ्या मुली विचारायच्या, "दीदी, कौनसी बुक लें?" मी सांगायची, छापल्याचं साल आधी बघा, मग मधलं एखादं उदाहरण वाचा. शिकायला बारीक पुस्तक घ्या, अडलं की बघायला जाड. त्या वहीत उतरवून घ्यायच्या.

घरी आले की वडील विचारायचे, "आज काय शिकवलंस?" मी सांगायची. ते नीट ऐकायचे. मग आम्ही जेवायला बसायचो.