सात गडी, एकच बाजू

कोयनेच्या पाण्यापलीकडे आमची तीन गावं. लाँच आली तर जगाशी संबंध, नाहीतर नाही. तरी शिमग्यानंतर तिन्ही गावांची कबड्डीची साखळी स्पर्धा व्हायचीच. पुढे वरचं गाव कुलपं लावून मुंबईला गेलं आणि दोनच संघ उरले. मग तेच दोन संघ चार-चार वेळा भिडायचे आणि आम्ही त्याला साखळी म्हणायचो. आपली हौस, दुसरं काय! समोरचा गडी कुठल्या पायावर वळणार, हे त्याच्या बायकोपेक्षा आम्हाला जास्त ठाऊक.

गुडघे गेल्यापासून मी पंच. सामने बंद पडले तर मुंबईला कामाला गेलेली आमची पोरं शिमग्यालाही फिरकायची नाहीत, ही धास्ती मनातून जात नसे.

यंदा सकाळीच चुन्याची फक्की टाकून मैदान आखलं आणि धक्क्यावर जाऊन बसलो. लाँचमधून दोन म्हाताऱ्या आणि गॅसची टाकी उतरली. पोरांचे नुसते फोन आले, सुट्टी नाही म्हणून. मी भडकून नको ते बोललो. आमचे चार आणि दुसऱ्या गावाचे तीन गडी जमले. पाचाखाली सामना लागत नाही, आणि नियम मोडायला मी तयार नव्हतो.

त्यांचा कप्तान म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. दाजी म्हणाले, "आवं पाव्हणं, चार आन तीन सात. एकच संघ करू की!"

सगळ्यांना पटलं, मलाही. कित्येक वर्षांनी सात गडी हात धरून उभे राहिले. ऊर भरून आला. शिट्टी फुंकली, आणि मग दिसलं की समोरचं अर्धं मैदान रिकामं आहे.

शेवटी दाजीच म्हणाले, "तुमीच या चढाईला."

शिट्टी खिशात टाकली, पँट दुमडली आणि रिकाम्या बाजूने कबड्डी-कबड्डी म्हणत त्यांच्यात शिरलो. त्यांनी मला अलगद धरलं, आजाऱ्याला धरतात तसं. त्याचाच राग आला. "जोरात धरा की रं!" असं ओरडलो, आणि तिथंच दम तुटला. बाद.

सवयीने रेषेबाहेर जाऊन बसलो. बाद गडी परत आत यायचा, तर त्याच्या बाजूच्या कुणाला तरी समोरचा गडी मारावा लागतो. मी माझ्या बाजूकडे बघितलं. तिथं माझ्याच पावलांचे ठसे होते. तरी बराच वेळ बसून राहिलो.