बिजलीची शेल पावडर

शेवटचं पोस्टिंग काश्मीरात होतं. डॉग युनिटमधी मी हवालदार, आणि माझ्या जोडीला फर्दापूरचा नायक भगवान. त्याच्याकडं बिजली, काळी लॅब्रॅडॉर, बारूद हुंगून काढणारी. पहाटे फॉल-इन, मग ग्रूमिंग, मग रोड ओपनिंग. ताफा निघायच्या आधी रस्ता बिजली तपासायची. तिनं पास केलेल्या रस्त्यावर एकही गाडी उडाली नाय. हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

एकदा सफरचंदाच्या बागेत सर्च चालू होता. समोरून फायर आला. भगवाननं आधी बिजलीला बांधाखाली ढकललं. रेडिओवर मी एवढंच बोललो, "हँडलर हिट. डॉग सेफ. ओव्हर." हेलिकॉप्टर यायच्या आत भगवान गेला. त्या दिवसापासून बिजलीची लीश, तिच्या पट्ट्याची दोरी, माझ्या हातात आली.

पुढं मी आणि बिजली दोघंही रिटायर झालो. अर्ज करून मी तिला हर्सूलला घरी आणलं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, तोफखान्यातले जुने सुभेदार. गळ्यात माळ, घरात अंडं-मटण बंद. पण बिजली दारात आली तसे ते उठून उभे राहिले. म्हणाले, "ड्यूटी करून आलीय. तिला नियम नाय." तिची चूल मात्र अंगणात मांडायला लावली.

युनिटात तिचं राशन डॉक्टर ठरवून द्यायचे. घरी पाकिटातलं खाणं तिला मानवेना. मग मी चिकन-भात शिजवू लागलो, त्यात गाजर आणि भोपळा. शिजलेलं हाड फुटून आतडं फाडतं, म्हणून चिकन सगळं बोनलेस. ती ताट चाटूनपुसून साफ करायची. शेजारी चिडवायचे, "हवालदार, आमच्या घरी बी असं मिळत नाय!" मी लई खूश होतो.

काही महिन्यांनी ती लंगडू लागली. त्यातच भगवानच्या आईचा फोन आला. गावात त्याचं स्मारक उभं राहिलं होतं. "बिजलीला आण बाबा. तिच्या पायानं चालत येऊ दे. मला एकदा बघायचीय ती." मी म्हणालो, "व्हय माय, आणतो." आणि इकडं बिजलीला उठताच येईना. घास चावताना कण्हायची. त्या माउलीला आता काय तोंड दाखवू?

एक्स-रे काढला. हाडं विरळ झाली होती. युनिटमधी तिच्यावर इलाज करणाऱ्या मेजर साहेबांना स्पीकरवर फोन लावला. दादा बाजूलाच बसलेले.

"खायला काय देतोस?"

"बोनलेस चिकन, भात, भाजी, सर."

"कॅल्शियम?"

"ते तर काहीच नाय, सर."

"मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. हाड काढलंस ते बरोबर. पण त्याच्या जागी काहीच दिलं नाहीस. शरीर मग स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. शेल पावडर सुरू कर."

दादा ताडकन उठले. "शेल पावडर? अहो, अख्खी नोकरी शेल डागण्यात गेली माझी! मुक्या जनावराला बारूद चारता का?"

फोनवर साहेब खो खो हसायला लागले. "सुभेदार साहेब, अंड्याचं शेल! टरफल!"

"मग असं बोला की!" दादा पुटपुटले.

साहेबांनी तिचं वजन आणि रोजचं खाणं विचारून माप ठरवून दिलं. वर बजावलं, "अंदाजानं वाढवू नकोस. जास्त झालं तरी घात आहे."

दुसऱ्या दिवशी दादा डबा घेऊन ऑम्लेटच्या गाडीवर हजर. गाडीवाला दचकलाच. "चाचा, तुमे? अंडा?"

"छिलके होना, मियाँ. फौजी के वास्ते."

घरी आणून टरफलं स्वतः धुतली, उकळली, वाळवली, खलबत्त्यात पिठासारखी बारीक केली. वस्त्रगाळ झाल्याशिवाय ताटात पडू दिलं नाय. मी म्हणालो, "दादा, तुमची माळ?"

"माळ गळ्यात हाय. हात रिकामेच हायेत की."

मला बापाचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

बिजली हळूहळू सावरली. आधी ताटापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत. साहेबांनी नवा एक्स-रे बघितला आणि म्हणाले, "फिट फॉर मूव्ह."

फर्दापूरला अख्खा गाव जमला होता. कुणीतरी म्हणालं, "म्हातारी कुत्री हाय, उचलून घ्या." दादांनी असं बघितलं की तो मागं सरला. बिजली गाडीतून उतरली आणि माझ्या डाव्या हाताला लागून चालली. जरा लंगडत, पण मान वर. स्मारकासमोर मी सावधान झालो. दादांनी कडक सॅल्यूट ठोकला.

"नायक भगवान," मी मोठ्यानं बोललो, "बिजली हजर आहे."

मग लीश सैल सोडली.

भगवानची आई तोवर खाली बसली होती. तिनं बिजलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आपल्या गालाला लावलं.

"माझ्या लेकाच्या हातचं खाल्लेलं तोंड हाय हे," ती म्हणाली.